किल्व्याकडे सोन्याची एकही खाण नव्हती

तांडेल

आफ्रिकेतल्या जुन्या राज्यांचा विषय निघाला की आपली गाडी पिरॅमिडवर जाते आणि तिथंच अडते. फार तर 'जगातला सर्वांत श्रीमंत माणूस' म्हणून मालीचा मान्सा मूसा व्हॉट्सॅपवर फिरतो. मला लिहायचंय ते पूर्व किनाऱ्यावरच्या किल्व्याबद्दल. तिथली गलबतं आपल्याच समुद्रात फिरायची, तरी आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नसतं.

किल्वा किसिवानी हे टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतचं छोटंसं बेट. १३व्या ते १५व्या शतकात पूर्व आफ्रिकेतल्या सोन्याचा मोठा हिस्सा या बेटावरून बाहेर जात होता. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ साली तिथं उतरला आणि 'अत्यंत सुंदर शहर' असं लिहून गेला. पण बेटावर सोनं नव्हतं. समोरच्या मुख्य भूमीवरही नव्हतं. ते होतं पार दक्षिणेला, आजच्या झिम्बाब्वेच्या पठारावर. ते उतरायचं आजच्या मोझांबिकमधल्या सोफाला बंदरात, आणि सोफाला किल्व्यापासून बाराशे किलोमीटरहून जास्त लांब. इब्न बतूताला एका व्यापाऱ्यानं हे अंतर अर्ध्या महिन्याचं सांगितलं होतं.

मग श्रीमंती किल्व्याची का? सोफाल्याची का नाही?

उत्तर वाऱ्यात आहे. कोकणात वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पावसाळा संपून समुद्र निवळला की ईशान्येचे वारे धरतात. डिसेंबरच्या सुमारास गुजरात, कोकण किंवा अरबस्तानातून निघालेलं गलबत त्या वाऱ्यावर आफ्रिकेच्या किनाऱ्यानं खाली उतरतं. एप्रिलपासून वारा उलटा फिरतो आणि त्यावर परत यायचं. तेही घाईनं, कारण जून-जुलैत आपली बंदरं बंद. आता हा ईशान्येचा वारा जसजसं दक्षिणेला जावं तसतसा मरत जातो. एका हंगामात जाऊन, माल विकून, त्याच वर्षी परतायचं तर खालची हद्द साधारण किल्व्यापाशी येते. सोफाल्यापर्यंत गेलात तर परतीचा वारा हुकला आणि वर्षभर तिथंच मुक्काम. खर्च खलाशांचा, भांडवल अडकलेलं.

म्हणून सोफाल्याचं सोनं स्थानिक होड्यांनी किल्व्यापर्यंत आणायचं आणि परदेशी गलबतांनी ते किल्व्यातच उचलायचं, अशी घडी बसली. सोफाल्यावर आधी मोगादिशूच्या व्यापाऱ्यांचा हात होता. किल्व्यानं तो काढून घेतला आणि तिथून त्याचं नशीब फिरलं. थोडक्यात किल्वा म्हणजे मार्केट यार्डातला अडत्या. शेत त्याचं नाही, ट्रक त्याचा नाही, पण माल त्याच्या गाळ्यावरूनच जाणार.

या पैशावर काय उभं राहिलं ते पाहा. अल-हसन इब्न सुलेमान या सुलतानानं १४व्या शतकाच्या सुरुवातीला समुद्राकडेच्या कड्यावर हुसुनी कुब्वा नावाचा प्रासाद बांधला. शंभराहून अधिक खोल्या, अष्टकोनी हौद, एका बाजूला नुसती गुदामं. बांधकाम सगळं प्रवाळाच्या दगडाचं आणि चुन्याचं. शिवाय गावातली मोठी मशीद. तिचा घुमटांचा विस्तारही त्याच शतकातला. मजा म्हणजे इतका खर्च करून हा प्रासाद फार काळ नांदला नाही.

या व्यापाराच्या पठाराकडच्या टोकाला होतं ग्रेट झिम्बाब्वे, तिथल्या राज्याची दगडी राजधानी. तिथल्या मोठ्या आवाराची भिंत घेरानं सुमारे २५० मीटर आणि उंचीला काही ठिकाणी ११ मीटर, आणि सांध्यात चुना-माती काहीही नाही. ग्रॅनाइटचे चिरे नुसते एकावर एक रचलेले. सोनं हा त्या राज्याचा मुख्य धंदा नव्हताच. खरी संपत्ती गुरं. खाणकाम करायचं ते कोरड्या हंगामात, शेतीची कामं उरकल्यावर.

मला पटलेली गोष्ट एवढीच, की आफ्रिकेतली बरीचशी व्यापारी राज्यं खाणीवर उभी नव्हती. जिथं मालाला वाहन बदलावं लागतं तिथं ती उभी होती. जाणकारांनी भर घालावी, वाद घालावा.

वाचनमात्र

सुंदर. वाऱ्याचा मुद्दा शाळेत कुणी असा शिकवला असता तर भूगोल आवडला असता. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

घाटावरची

वाहन बदलण्याचा मुद्दा पश्चिम आफ्रिकेलाही तंतोतंत लागू पडतो. घानाचं जुनं राज्य घ्या, म्हणजे सोनिंके लोकांचं वागाडू. आजच्या घाना देशाशी त्याचा काही संबंध नाही, ते मॉरिटानिया आणि माली यांच्या हद्दीत होतं. सोनं बांबुकच्या बाजूला, म्हणजे त्याच्या दक्षिणेला. मीठ सहाराच्या पोटात, म्हणजे उत्तरेला. वागाडू मधोमध, जिथं वाळवंट संपून गवताळ प्रदेश लागतो तिथं. उंटाचं काम तिथं संपायचं आणि गाढवाचं, होडीचं, डोक्यावरच्या ओझ्याचं सुरू व्हायचं.

कॉर्डोबात बसून अल-बक्री या भूगोलकारानं १०६८ साली जे लिहिलंय त्यात जकातीचा दरच दिलाय. मिठाचं एक गाढव राज्यात शिरलं की एक सोन्याचा दिनार, तेच मीठ राज्याबाहेर निघालं की दोन दिनार. तांब्याच्या ओझ्यावर पाच मिथ्काल (सोन्याचं वजनी माप). खाणीत सोन्याचा गोळा सापडला तर तो राजाचा, आणि भुकटी मात्र रयतेनं ठेवावी. यामागे उदारपणा नव्हता. गोळेही बाजारात आले असते तर सोन्याचा भाव कोसळला असता, हे कारण अल-बक्रीच देतो.

जाताना दुप्पट जकात हा भाग मला फार हुशारीचा वाटतो. दक्षिणेला सोन्याच्या मुलखात मीठ मिळत नाही, तेव्हा तिथं ते कोणत्याही भावानं खपणार हे राजाला पक्कं ठाऊक.

तांडेल

वा! हेच हवं होतं. त्या मिठाचा उगमही विलक्षण आहे. इब्न बतूता १३५२ मध्ये सहारातल्या तेगाझाला गेला तेव्हा तिथली घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्यांचं छप्पर. झाड नावाला नाही. खाणीत राबणारे गुलाम, आणि खाणं सगळं बाहेरून येणारं.

शंकासूर

लेख चांगला आहे पण एक गोष्ट खटकते. सुलतानांची नावं अरबी, मशिदी, घुमट, अष्टकोनी हौद. मग हे 'आफ्रिकन राज्य' कसं? अरबांनी आणि इराण्यांनी येऊन वसाहत केली आणि स्थानिकांनी कामं केली असं सरळ दिसतंय. किल्व्याच्या बखरीतही शिराझहून आलेल्या राजपुत्रानं बेट विकत घेतल्याची कथा आहे ना?

प्रा_निवृत्त

शंकासूर, बखर तसं म्हणते खरी. बखरी कशासाठी लिहितात हे मराठी माणसाला सांगायची गरज नसावी. घराण्याचा मूळपुरुष दूरच्या मोठ्या गावाहून आणला की प्रतिष्ठा वाढते.

जमिनीतला पुरावा पाहू. केनियाच्या पाटे बेटावर शांगा नावाचं ओसाड गाव आहे. तिथं मशिदीखाली उत्खनन झालं. वर दगडी मशीद, तिच्याखाली आधीची, तिच्याखाली आणखी आधीची, आणि सगळ्यात तळाशी लाकडी खांबांची छोटी मशीद, ८व्या शतकाच्या उत्तरार्धातली, फार तर पंचवीस-तीस माणसं मावतील एवढी. आसपासची मडकी खालपासून वरपर्यंत स्थानिक घडणीचीच. म्हणजे आधी गाव होतं, मग त्यातल्या थोड्यांनी धर्म बदलला, मग हळूहळू गाव बदललं. तयार शहर जहाजातून उतरवलेलं नाही. भाषेचंही तेच. किनाऱ्यावरची स्वाहिली ही आफ्रिकेतल्या बांटू कुळातली भाषा, अरबी शब्द तिच्यात पुष्कळ, पण सांगाडा बांटूच.

आता तुमच्या बाजूचंही सांगतो. २०२३ साली किनाऱ्यावरच्या जुन्या दफनांतल्या आणि त्यांच्याशी संबंधित अशा ऐंशी व्यक्तींच्या प्राचीन डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईकडचा वारसा जवळजवळ सगळा आफ्रिकन. बापाकडचा मोठ्या प्रमाणात आशियाई, आधी मुख्यतः इराणी, नंतरच्या काळात अरबी. थोडा भारतीय अंशसुद्धा. मिसळण इ.स. १०००च्या आसपास सुरू झालेली. म्हणजे शिराझची कथा अगदीच हवेतली नाही. इराणी व्यापारी आले, इथल्या घरांत त्यांनी लग्नं केली. पण मुलं वाढली ती आईच्या भाषेत, आईच्या गावात. वसाहतीत सहसा याच्या उलट होतं.

शंकासूर

ठीक आहे, आईकडच्या वारशाचा मुद्दा वजनदार आहे. पण ग्रेट झिम्बाब्वेबद्दलही 'परक्यांनी बांधलं' असं वाचल्याचं आठवतं.

तांडेल

ते वाचलेलं जुन्या पुस्तकातलं असणार, आणि त्याची कहाणी चीड आणणारी आहे. कार्ल माउख हा जर्मन माणूस १८७१ मध्ये तिथं पोचला. दारावरच्या एका तुळईचा तुकडा त्यानं कापला, हुंगला, आणि आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा वास आला म्हणून ठरवलं की हे लेबनॉनचं सीडर! सीडर म्हणजे फिनिशियन (लेबनॉनकडचे प्राचीन दर्यावर्दी), फिनिशियन म्हणजे बायबलातली शेबाची राणी. झालं. ते लाकूड तिथल्याच एका झाडाचं होतं.

पुढे हा मुलूख बळकावणाऱ्या सेसिल ऱ्होड्स या इंग्रजाच्या माणसांना ही कथा सोयीचीच पडली. हॉल नावाच्या गृहस्थाला डागडुजीसाठी नेमलं, तर त्यानं वरचे थर 'काळ्यांनी केलेली घाण' म्हणून खरवडून फेकून दिले. ज्या थरांत पुरावा तेच गेले. तरीही रँडल-मॅकायव्हरनं १९०५ मध्ये आणि गरट्रूड केटन-थॉम्प्सननं १९२९ मध्ये खणून स्वच्छ सांगितलं की हे आफ्रिकी लोकांचं मध्ययुगीन काम आहे. ऱ्होडेशियाच्या (झिम्बाब्वेचं तेव्हाचं नाव) गोऱ्या सरकारला मात्र हे १९७०मध्येही पचलेलं नव्हतं. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला त्या साली देश सोडावा लागला. १९८०मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यानं नाव घेतलं ते या दगडांचंच, आणि तिथं सापडलेला साबणदगडाचा पक्षी झेंड्यावर बसवला.

चिल्लर_खुर्दा

नाण्यांचा विषय राहिला, तो माझ्याकडे घेतो.

किल्व्याच्या सुलतानांची नाणी बहुतांशी तांब्याची, लहान, ओबडधोबड. त्यांच्यावर ना साल ना टांकसाळ. एका बाजूला सुलतानाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला ईश्वरावरच्या भरवशाचं एक वाक्य, आणि दोन्ही बाजू मिळून यमक जुळतं! नवा सुलतान आला की नावाशी जुळेल असं नवं वाक्य शोधायचं. पाठ-पोट मिळून कविता होणारं चलन मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ही तांब्याची खुर्दा गावातल्या देवघेवीसाठी. मोठ्या व्यापारात सोनं वजनावर जायचं. त्यामुळं ही नाणी किनाऱ्यापलीकडे सहसा मिळत नाहीत. दोन अपवाद मजेदार आहेत. वर उल्लेख आलेल्या अल-हसन इब्न सुलेमानचं एक नाणं थेट ग्रेट झिम्बाब्वेत सापडलं. आणि पाच किल्वा नाणी १९४४ साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, मार्चिनबार बेटाच्या वाळूत, एका रडारवाल्या सैनिकाला मिळाली. ती तिथं कशी गेली यावर लोक अजून भांडतायत.

आजोळ_चौल

तांडेल, आमच्या गावाचं नाव घेतल्याशिवाय धागा कसा पुरा होईल? :)

पठारावरच्या माणसाला सोन्याच्या बदल्यात हवं काय होतं, तर सुती कापड आणि काचेचे मणी. दोन्ही प्रामुख्यानं आपल्या बाजूचं. चौलच्या काचमण्यांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा त्या काचेची घडण केनियाच्या किनाऱ्यावर सापडलेल्या काही मण्यांशी जुळली. हा झाला मध्ययुगातला पुरावा. त्याआधीचा हवा असेल तर पहिल्या शतकातलं पेरिप्लस हे ग्रीक भाषेतलं सागरी व्यापाराचं पुस्तक उघडा. आरियाके आणि भडोचहून आफ्रिकेच्या शिंगाकडच्या (आजच्या सोमालियाच्या बाजूच्या) बाजारपेठांत जाणाऱ्या मालाची यादी त्यात आहे: गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड, आणि उसापासून होणारा 'मध'. आरियाके म्हणजे उत्तर कोकणाला लागून असलेला पट्टा असं बरेच अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी इथून तूप आणि तिळाचं तेल गलबतात चढत होतं!

घाटावरची

मण्यांवरून आठवलं. लिंपोपो नदीजवळ, आजच्या दक्षिण आफ्रिकेत, के-टू नावाचं स्थळ आहे, ग्रेट झिम्बाब्वेच्या भरभराटीच्या आधीचं. तिथले लोक आयात केलेले बारीक मणी वितळवून मातीच्या साच्यात ओतायचे आणि जाडजूड, पिंपाच्या आकाराचे आपले मणी करायचे. साचेही सापडलेत. आपल्याकडे 'काचेच्या मण्यांवर भाळून सोनं देऊन टाकणारे भोळे आफ्रिकन' असं एक चित्र असतं. हे मण्याचं काम पाहिलं तर ते चित्र टिकत नाही. परदेशी माल त्यांच्यासाठी कच्चा माल होता. शेजारीच मापुंगुब्वेच्या टेकडीवर राजघराण्याच्या दफनांत सोन्याचा गेंडा मिळाला, लाकडी गाभ्यावर पातळ पत्रा बसवून बारीक सोन्याच्या खिळ्यांनी ठोकलेला. मुठीत मावेल एवढा. खांदे पुढे झुकलेले, शेपूट ताठ.

दार-एस-सलामकर

इकडे नोकरीनिमित्त आहे. किल्वा दार-एस-सलामपासून साधारण तीनशे किलोमीटर. समोरच्या मुख्य भूमीवरच्या किल्वा मासोकोहून शिडाच्या होडीनं बेटावर जावं लागतं. होडीतून आधी दिसतो तो पाण्याच्या काठावरचा किल्ला, लोक त्याला गेरेझा म्हणतात. पोर्तुगिजांनी १५०५ मध्ये इथं गढी बांधली होती. आता दिसतो तो बराचसा नंतरच्या ओमानी काळातला. मोठ्या मशिदीत मात्र थांबून पाहावं. प्रवाळ समुद्रातून ओला असताना कापला तर मऊ असतो, वाळला की दगड होतो. खांब-कमानी त्याच्याच. जवळ गेलं की चिऱ्यात प्रवाळाची जाळी स्पष्ट दिसते. हुसुनी कुब्वाच्या हौदात आता गवत आहे.

एक तक्रार. धाग्यात सगळं सोनं, मणी, यमक चाललंय. गुलामांचं काय? इथं किल्वा म्हटलं की स्थानिकांना तो व्यापारच आधी आठवतो.

तांडेल

रास्त तक्रार. इब्न बतूता सुलतानाच्या दानशूरपणाचं कौतुक करतो, आणि त्याच दमात सांगतो की तो मुख्य भूमीवर लुटीच्या स्वाऱ्या काढायचा. त्या लुटीत माणसं नसतील असं मानायचं कारण नाही. त्याच्याही आधी ८६९ ते ८८३ या काळात बसऱ्याजवळ मिठागरांच्या जमिनी साफ करणाऱ्या गुलामांचा 'झंज' उठाव झाला. झंज म्हणजे पूर्व आफ्रिकेचे लोक, निदान अरबांच्या लेखी.

तरी काळ वेगळे ठेवायला हवेत. १४व्या शतकातलं किल्वा मुख्यतः सोन्या-हस्तिदंतावर चालत होतं. गुलामांचं बंदर म्हणून ते कुप्रसिद्ध झालं ते १८व्या शतकात. १७७६ मध्ये मोरीस या फ्रेंच व्यापाऱ्याशी सुलतानाचा करार झाला: वर्षाला एक हजार माणसं, मॉरिशसकडच्या ऊसमळ्यांसाठी. सोन्याचा धंदा हातचा गेल्यावर हेच बंदर हा माल विकायला लागलं.

शंकासूर

सोन्याचा धंदा गेला कसा?

आजोळ_चौल

मी सांगतो, कारण त्यातला खलनायक आमच्या ओळखीचा. फ्रान्सिस्को द आल्मेडा. जुलै १५०५ मध्ये त्यानं किल्वा लुटलं, पुढच्याच महिन्यात मोंबासा जाळलं. मग भारतात व्हाइसरॉय होऊन आला. मार्च १५०८ मध्ये आमच्या चौलच्या खाडीत ईजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना त्याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. त्याचा सूड म्हणून बापानं डिसेंबर १५०८ मध्ये दाभोळ बेचिराख केलं. किल्वा आणि दाभोळ, माणूस एकच, मध्ये साडेतीन वर्षं.

प्रा_निवृत्त

पोर्तुगिजांची फजिती पुढची आहे. सोफाल्यात किल्ला बांधून ते सोन्याची वाट पाहत बसले. आणलेला युरोपी माल पठारावरचे व्यापारी घेईनात. त्यांना खंबायतचं कापड आणि नेहमीचे मणीच हवे. मग पोर्तुगीज गुजरातहून कापड आणायला लागले. तोवर स्वाहिली व्यापाऱ्यांनी सोफाला टाळून त्याच्या उत्तरेच्या अंगोशे बंदराकडून आणि झांबेझी नदीच्या वाटेनं माल काढायला सुरुवात केली होती. पठारावरही सत्ता आधीच उत्तरेला, मुतापा राज्याकडे सरकलेली; तिला झांबेझीची वाट जवळची. किल्व्याची गढी तर पोर्तुगिजांनी १५१२ मध्येच सोडून दिली. सांभाळायचा खर्च निघेना.

मळभ

उशिरा आलो. पठारावरून समुद्रापर्यंत माल कसा यायचा? उंट तर तिथं नव्हते.

तांडेल

माणसांच्या डोक्यावर. पठार आणि किनारा यांच्यामधल्या सखल पट्ट्यात त्सेत्से माशी आहे. ती चावली की बैल, घोडा, गाढव काही टिकत नाही. ग्रेट झिम्बाब्वेपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर, आणि सगळी वाट पायी. म्हणून त्या वाटेवर सोनं, हस्तिदंत, कापड, मणी असाच माल चालला. धान्य वाहणं परवडलंच नसतं. पश्चिमेला मीठ फिरलं कारण तिथं निदान अर्ध्या वाटेला उंट होता.

वाचनमात्र

घाटावरची, तुम्ही जेन्ने-जेनोवर लिहा ना. मागे एका प्रतिसादात उल्लेख केला होता.

घाटावरची

लिहिते, पण वेगळ्या धाग्यात. ते प्रकरण तांडेल यांच्या मांडणीला थोडं अडचणीचं आहे. नायजर नदीच्या काठी इ.स.पू. २५०च्या सुमारास वसलेलं गाव, नवव्या शतकात दोन किलोमीटरचा तट, आत दाट वस्ती, तांदूळ, लोखंड, तांबं, सगळं. अरबांचे तांडे नियमित यायच्या कितीतरी आधीपासून नदीवरचा आपसातला व्यापार जोरात. आणि इतकं उत्खनन होऊनही राजवाडा नाही, राजाची कबर नाही. व्यापार आहे, शहर आहे, पण राज्य कुठाय?

तांडेल

आता धागा काढाच. दुवा इथं द्या.